टाकीवरची हवा

धाकट्या बहिणीचा फोन कामाच्या वेळेत आला की तो ठमीबद्दलच असायचा, हे ताईला ठाऊक होतं. वजनखोलीत फोन न्यायला बंदी होती, म्हणून तो बाहेर शिपायाच्या टेबलावर पडलेला असे. शिपायाने काचेवर टकटक केली, बोटाने खूण केली, आणि ताई हातातला चिमटा खाली ठेवून धावतच बाहेर आली.

"ताई, पुन्हा धाप लागली गं तिला. दोनदा वाफ दिली. ओठ निळसर दिसतायत का मलाच तसं वाटतंय, काही सुधरत नाहीये."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीयस? दवाखान्यात ने आधी! मी येतेच."

ठमी म्हणजे धाकटीची सहा वर्षांची मुलगी. नाव चांगलं मोठं होतं, पण ते शाळेच्या दाखल्यापुरतं. जन्मापासून गोलमटोल म्हणून ठमी, आणि आता गालफडं बसली तरी ठमीच. ताईला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे मावशीचा सगळा जीव त्या एवढ्याशा छातीत अडकलेला, आणि ती छाती गेलं वर्षभर भात्यासारखी वाजत होती.

आणि खरी गोम अशी, की आठ महिन्यांपूर्वी धाकटीला टाकीवरच्या वस्तीत राहायला आणलं होतं ते ताईनेच.

ते कसं, ते सांगायलाच हवं. ताईचं ऑफिस शहराच्या हवेवर नजर ठेवायचं. शहरात पाच ठिकाणी गच्च्यांवर यंत्रं होती. आठवड्यातून दोनदा ती दिवसरात्र हवा ओढायची आणि पांढऱ्या कागदातून गाळायची. कोरा कागद आधी तोलायचा, मग मळलेला कागद तोलायचा, आणि मधला फरक म्हणजे शहराने त्या दिवशी गिळलेली धूळ. हे तोलायचं काम ताईचं, गेली एकोणीस वर्षं. खोली गार, कोरडी, दार लावलेलं. काट्यासमोर बसलं की श्वाससुद्धा जपून सोडायचा, कारण आकडा फुंकरीनेही हलायचा. ऑफिसातले लोक तिच्या पाठीमागे तिला काटाबाई म्हणायचे आणि तिला ते ठाऊक होतं. तिला मनातून ते आवडायचंही. कारण तिच्या कामात कुणाची लुडबुड चालत नसे. कागद कुठल्या यंत्रावरचा आहे हे तिलाही कळू नये म्हणून पाकिटावर नुसता क्रमांक यायचा. ठिकाणांची यादी साहेबांच्या कपाटात. म्हणजे मनात आणलं तरी कुणाला झुकतं माप देता यायचं नाही. अशी चोख व्यवस्था!

तर ठमीच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं, "हवा बदला." हवा बदला म्हणे! हवा काय उशीचा अभ्रा आहे, काढला आणि दुसरा चढवला? धाकटी रडकुंडीला आली होती. पण ताई म्हणाली, "अगं रडतेस काय? हवेचं मला विचार ना." तिने ऑफिसचा वार्षिक अहवाल आणला आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उघडून पानावर बोट ठेवलं. पाच केंद्रांत सगळ्यांत कमी आकडा टाकीवरचा. शहराच्या कडेला उंचवट्यावर पाण्याची टाकी होती, तिच्याभोवतीची वस्ती. "हे मी माझ्या हाताने तोललंय. डोळे मिटून जा."

डोळे मिटूनच गेले बिचारे. धाकटीच्या नवऱ्याने हातापाया पडून बसचा डेपो बदलून घेतला. धाकटीने शिवणाची लागलेली गिऱ्हाइकं सोडली. गाद्या वर चढवायला ताई स्वतः पदर खोचून उभी होती.

आणि ठमी बरी होईना. उलट वाढलंच. मग दोघी बहिणी दोष शोधत सुटल्या. आधी भिंतीच्या ओलीवर आळ घेतला, मग उशीवर, मग शेजारच्या मांजरावर. मांजर बिचारं दुसऱ्या आळीत सोडून आले. ताई येईल तेव्हा धाकटीला फैलावर घ्यायची, "कोरडा झाडू मारतेस, मग काय होणार! फडकं ओलं करून पूस म्हणून किती वेळा सांगितलं?" धाकटी खाली मान घालून ऐकून घ्यायची. घराच्या बाहेर बघायचं मात्र दोघींच्याही डोक्यात आलं नाही, कारण बाहेरची हवा ताईने तोललेली होती.

त्या दिवशी ताई दवाखान्यात पोचली तेव्हा ठमीच्या तोंडावर वाफेचा मुखवटा होता. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत खेचली जात होती. मावशीला बघून तिने हात हलवला, बोलली नाही. बोलायला दम पुरत नव्हता. ताई तिच्याजवळ बसली आणि तिने तो हात हातात घेतला.

अर्ध्या तासाने श्वास जरा खाली बसला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सकाळपासून उभ्याच असाव्यात. ताई कुठे काम करते हे धाकटीने कौतुकाने सांगितलं, तशा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तुमच्या ऑफिसला मी तीन पत्रं पाठवलीत. या वाफेच्या खुर्चीवर रोज वीस-पंचवीस मुलं बसतात, निम्म्याहून जास्त टाकीवरची. तुमचं उत्तर काय आलं ठाऊक आहे? टाकीवरची हवा मर्यादेत आहे, घरातल्या चुली तपासा. अहो, इथे चुली आहेत कुणाकडे?"

"आकडा खरंच कमी आहे हो," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला. "मी स्वतः..."

"आकडा कमी असेल. मुलं कमी नाहीत."

ठमीला घेऊन दोघी घरी आल्या. ताईने तिला झोपवलं आणि खिडकीशी गेली. चौकट सकाळी पुसली होती असं धाकटी शपथेवर सांगत होती. ताईने पर्समधला पांढरा रुमाल काढला, चौकटीवरून एकदाच फिरवला आणि उजेडात धरला. एकोणीस वर्षं हेच तर बघत आली होती ती! ही रस्त्याची धूळ नव्हती. रस्त्याची धूळ तपकिरी असते, खरखरीत लागते. हे काळं होतं, बारीक, तेलकट, बोटाला चिकटणारं.

"मागे काय आहे गं?"

"कुठे? टाकीमागे? भंगार वितळवायच्या भट्ट्या आहेत ना. पहिल्यापासूनच आहेत म्हणतात. वारा इकडे फिरला की जरा वास येतो. नाहीतर काही नाही."

वारा इकडे फिरला की. ताईने रुमालाची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नमुनेवाल्याला जिन्यातच गाठलं. हा गृहस्थ पाची गच्च्यांवर स्कूटरने हिंडायचा, कागद बदलायचा आणि पाकिटं आणून द्यायचा. बोलायला मोकळा, पण विचारल्याशिवाय सांगणार नाही असा.

"टाकीवरचे कागद कसे येतात हो?"

"कसे म्हणजे? काळेकुट्ट. वारा पलीकडे असला तर पांढरेफटक, नाहीतर तव्याच्या बुडासारखे." त्याने हेल्मेट काखेत मारलं. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. तुम्हीच तर ते रद्द करता."

ते खरंच होतं.

झालं होतं ते असं. ताईला हे काम शिकवलं तिच्या आधीच्या काट्यावरच्या म्हाताऱ्याने, फार सज्जन माणूस. त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "पाकीट उघडलं की कागद आधी उजेडात धरायचा. फाटला असेल, भिजला असेल, किडा चिरडला असेल, तर रद्द. आणि अगदीच काळा दिसला तर समजायचं, यंत्राखाली कुणीतरी कचरा पेटवला. ती काही शहराची हवा नव्हे. तोही रद्द. तोलत बसायचं नाही, काटा उगाच घाण होतो." ताईला ते पटलं होतं. कुणा एकाच्या कचऱ्यासाठी सगळ्या शहराला का बदनाम करायचं? तेव्हापासून काळा कागद आला की ती वहीत ओळ मारायची, पुढे 'रद्द, कागद खराब' लिहायची, सही करायची आणि पाकीट खालच्या खणात टाकायची. एकोणीस वर्षांत या कामात तिने कधी हयगय केली नव्हती. आणि पाकिटावर ठिकाण नसल्यामुळे, काळे कागद पुन्हा पुन्हा एकाच गच्चीवरून येतायत हे तिला कळायला काही मार्गच नव्हता. लबाडी होऊ नये म्हणून केलेली सोय, आणि त्या सोयीनेच सगळा घात केला.

"तुमच्याकडे तारखा असतील ना? कुठल्या दिवशी कुठल्या गच्चीवर कुठला क्रमांक लावला?"

"डायरी आहे की. पण कशाला, मॅडम?"

"द्या मला. कशाला ते नंतर विचारा."

तिने खालचा खण उघडला. पाकिटं ठासून भरलेली. डायरी बघून बघून तिने टाकीवरची या वर्षीची वेगळी काढली. एकशे चार कागद यायला हवे होते. तिने तोललेले एक्केचाळीस. रद्द केलेले त्रेसष्ट. त्रेसष्टच्या त्रेसष्टांपुढे तिचीच सही, तीही कशी, ठसठशीत, खाली रेघ ओढलेली.

मग तिने दार लावून घेतलं आणि तोलायला बसली. चिमट्याने कागद उचलायचा, तबकडीवर ठेवायचा, काचेची झडप लावायची, आकडा स्थिर व्हायची वाट बघायची. एकदा तर तिला वाटलं, हे सगळं उचलावं आणि जाळून टाकावं, कुणाला काय कळणार आहे? मग तिला ठमीच्या त्या बरगड्या आठवल्या. 'मेले, तुझ्यावर आलं म्हणून काय झालं,' ती स्वतःलाच मोठ्याने म्हणाली आणि पुढचा कागद उचलला.

दोन दिवस लागले. जेवायला उठली नाही, शिपाई चहा ठेवून जायचा आणि तो तसाच निवून जायचा. बुधवारी संध्याकाळी तिने सरासरी काढली, मग पुन्हा काढली, मग कोऱ्या पानावर तिसऱ्यांदा काढली. टाकीवरची हवा शहरात सगळ्यांत चांगली नव्हती. तिच्यातली धूळ मर्यादेच्या अडीचपट होती. वारा पलीकडे असतानाचे तेवढे दिवस हिशोबात उरले होते, बाकीचे खणात.

या वर्षीचा अहवाल शुक्रवारी जायचा होता. त्यात आकडा मर्यादेच्या वर गेला, तर नियम स्पष्ट होता. भट्ट्यांनी धुराड्यांना धूर गाळणाऱ्या कापडी पिशव्या बसवायच्या, बसवेपर्यंत बंद राहायचं. दवाखान्याला जादा डॉक्टर, जादा यंत्रं मिळायची. आकडा खाली राहिला तर काहीच नाही, आणखी एक वर्ष.

गुरुवारी सकाळी ती साहेबांपुढे उभी राहिली. साहेबांनी तिने लिहून आणलेला कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुम्ही इथे किती वर्षं आहात?"

"एकोणीस."

"एकोणीस वर्षं स्वतः रद्द करत होतात आणि आता गळा काढताय? रद्दच्या नोंदींवर सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग? स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घेताय?" साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "बसा. हे बघा, भट्ट्यांवर दीड-दोन हजार माणसं आहेत. बंद केल्या तर त्यांनी काय खायचं? वर मला विचारतील, इतकी वर्षं काय झोपा काढत होतात का? हा अहवाल जाऊ द्या. पुढच्या वर्षी आपण पद्धत सुधारू. शांतपणे, कुणाला तोशीस न लागता."

पुढच्या वर्षी. साहेब काही दुष्ट नव्हते, घाबरलेले होते, तिच्याइतकेच. भट्टीवरच्या माणसांचंही त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. पण त्या माणसांची मुलंसुद्धा त्याच वाफेच्या खुर्चीवर बसत असणार, आणि एक वर्ष म्हणजे ठमीच्या छातीला फार झालं.

"साहेब, माझी भाची तिथे राहते," ती म्हणाली.

"मग तिला दुसरीकडे हलवा ना! त्यासाठी सगळं ऑफिस कशाला पेटवताय?"

ताई उठली. कागद उचलला आणि तडक खाली आवकवाल्या बाईंकडे गेली. या बाईंपुढे साहेबांचंही चालत नसे. त्यांचा शिक्का आणि क्रमांक पडला की तो कागद या ऑफिसात जन्माला आला. मग त्याला गिळून टाकणं कुणाच्या बापाला जमत नसे. वरच्या ऑफिसात त्याची प्रत आपोआप जायची. बाईंनी मजकूर वाचला. 'सदर त्रेसष्ट नमुने मी चुकीच्या समजुतीने रद्द केले' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"नीट विचार केलायस ना? घरी बसवतील तुला."

"मारा शिक्का."

शिक्का पडला. ताईला वाटलं होतं हलकं वाटेल, पण छे! कारण खरं अवघड काम अजून उरलं होतं. धाकटीला सांगायचं होतं.

संध्याकाळी ती टाकीवर गेली तेव्हा वारा इकडेच फिरला होता, आणि आता तिला तो वास पायरीपायरीवर येत होता. दार उघडंच होतं. आत धाकटी, आणि तिच्यासोबत दोन अनोळखी बायका चहा पीत बसलेल्या. ठमी सतरंजीवर दोन मुलांबरोबर ठोकळे रचत होती. त्यातल्या एकाच्या गळ्यात दोरीला पंप बांधलेला, श्वासाचा.

"ही बघा, आली! हीच माझी ताई," धाकटी उठली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुलला होता. "हवा मोजते ती हीच."

दोघींतली थोराड बाई लगबगीने उठली आणि तिने ताईचे दोन्ही हात हातात घेतले. "अहो, तुमचे किती उपकार मानू! आम्ही दोघी शहराच्या पलीकडच्या टोकाच्या. दवाखान्यात तुमच्या बहिणीची ओळख झाली. त्या म्हणाल्या, माझी ताई स्वतः हवा तोलते, शहरात टाकीसारखी हवा नाही. मग म्हटलं, एवढ्या जाणत्या बाईचा शब्द आहे. गेल्या महिन्यात बिऱ्हाड हलवलं. पोराला अजून म्हणावा तसा आराम नाही, उलट जरा वाढल्यासारखं वाटतंय. पण नवी जागा, रुळायला वेळ लागणारच, नाही का?"

एकट्या धाकटीला बाजूला घेऊन सांगायचं, असं ताई वाटेवर सतरांदा घोकत आली होती. आता बाजू कुठली आणि काय!

"बसा," ती म्हणाली. "धाकटे, आधी ती खिडकी लाव. लाव म्हणते ना!"

आणि उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं. काळे कागद, खण, त्रेसष्ट सह्या. काही गाळलं नाही. म्हाताऱ्याने तसं शिकवलं होतं एवढं मात्र सांगायचं टाळलं, कारण ते सांगितलं असतं तर ती सबब झाली असती. मुलं ठोकळे रचतच होती. ठमीचा श्वास शिट्टीसारखा ऐकू येत होता.

धाकटी खिडकीशी कडीला हात लावून उभी होती. "तू? तू स्वतः रद्द केलेस?"

"मी."

"आणि मी मांजर सोडून आले," धाकटी म्हणाली. "मला ओरडायचीस तू. मी दिवसातून तीनदा फरशी पुसत होते, ताई." तिला रडू फुटलं, पण ठमीने वर बघितलं तसं तिने ते गिळलं. "मी यांनाही आणलं इथे. तुझं नाव सांगून."

"माझी चूक आहे. पदरात घे असं म्हणायलाही मला तोंड नाही. ऑफिसात लिहून दिलंय मी. भट्ट्यांवर कारवाई होईल, पण कधी होईल ते सांगता येत नाही. तोवर इथे थांबू नका. तिघीही. उद्याच्या उद्या निघा."

थोराड बाईने कप खाली ठेवला. तिने आरडाओरडा केला नाही, शिव्या दिल्या नाहीत. मुलाच्या गळ्यातली दोरी सरळ केली आणि ताईकडे बघितलं, तसंच, मघाच्याच भरवशाने.

"बरं, निघतो. मग आता कुठे जायचं तेवढं सांगा. चांगली हवा कुठे आहे?"

ताईने तोंड उघडलं. बाकीच्या चार केंद्रांची नावं तिला पाठ होती, आकडेही पाठ होते. पण खालच्या खणात टाकीवरच्या पाकिटांच्या मागे आणखी पाकिटं होती, पार तळापर्यंत, आणि ती तिने उघडलीच नव्हती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"अहो, असं काय करता?" बाई म्हणाली. "तुम्हालाच माहीत नाही, तर मग कुणाला माहीत?"